दोन हात, दोन पाय

शिकागोच्या फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्समध्ये १९३९ साली हॅमंड ऑर्गन आला आणि कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल संगीतात रुजला. पुढे सर्वांत लाडक्या ठरलेल्या त्याच्या बी-३ मॉडेलला प्रत्येकी ६१ पट्ट्यांचे दोन कीबोर्ड, पायांशी २५ पेडल. पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज वाढत नाही! तो चढतो-उतरतो उजव्या पायाखालच्या एक्स्प्रेशन पेडलने. प्रवचनाच्या शब्दाशब्दाला साथ देणारा हा पाय म्हणजे वादनाचा श्वासच. खर्ज डाव्या पायाकडे. पण अनेक वादक तो डाव्या हाताने वाजवून पेडलला नुसता ठोका देतात. त्यात काहीच कमीपणा नाही. शिकताना आधी डावा हात आणि डावा पाय संथ लयीत जुळवा; उजव्या हाताची घाई करू नका.