प्रयोगाची पारख आणि प्राथमिक शाळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रयोगाची पारख करताना तीन गोष्टी पाहायच्या असतात: तुलना योग्य होती का, मोजमाप भरवशाचे होते का आणि हाती आलेल्या पुराव्यातून काढलेला निष्कर्ष खरोखरच निघतो का. प्राथमिक वर्गांत प्रयोग दाखवले जातात, काही ठिकाणी मुलांकडून करूनही घेतले जातात; पारख मात्र बहुधा राहून जाते. त्यामागे काही रूढ गैरसमज आहेत.

गैरसमज : इतक्या लहान मुलांना हे झेपत नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील एमिली रोझा हिने नऊ वर्षांची असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एका उपचारपद्धतीची परीक्षा घेतली. रुग्णाला न शिवता त्याच्या शरीराभोवतीची ऊर्जा तळहातांना जाणवते, असा त्या उपचारकांचा दावा होता. एमिलीने मध्ये आडपडदा ठेवला, त्यातून 21 उपचारकांना दोन्ही हात पुढे करायला लावले आणि नाणेफेक करून त्यांपैकी एका हातावर आपला हात धरला. कोणत्या हाताजवळ, एवढेच त्यांनी सांगायचे होते. नुसत्या अंदाजानेही साधारण निम्मी उत्तरे बरोबर यावीत. 280 चाचण्यांत ती 123 आली. मोठ्यांच्या मदतीने लिहिलेला हा अभ्यास 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

गैरसमज : पुस्तकातले उत्तर आले नाही, तर प्रयोग फसला.

वस्तुस्थिती : अनपेक्षित उत्तर हीच पारखीची संधी असते. भिजवलेले हरभरे एका वाटीत घालून खिडकीत आणि दुसऱ्या वाटीत घालून कपाटात ठेवले. खिडकीतल्यांना आधी मोड आले, म्हणून ‘मोड यायला उजेड लागतो’ असे मुलांनी लिहिले. हे चूक म्हणून खोडून टाकल्यास मुले काहीच शिकत नाहीत. दोन वाट्यांमध्ये उजेडाखेरीज आणखी काय वेगळे होते, असे विचारल्यास खिडकीतली ऊब त्यांच्या लक्षात येते. मग दोन्ही वाट्या शेजारी ठेवून एकीवर डबा पालथा घालायचा, ही सुधारणाही मुलेच सुचवू शकतात.

गैरसमज : एकदा करून पाहिले की पुरे.

वस्तुस्थिती : वाटीत एकच हरभरा असेल आणि तो किडका निघाला, तर सगळा निष्कर्ष उलटतो. प्रत्येक वाटीत दहा दाणे असले, तर एका वाईट दाण्याने निकाल बिघडत नाही. दोऱ्याला बांधलेल्या दगडाचा एकच झोका घड्याळावर मोजणे अवघड असते. दहा झोक्यांचा वेळ मोजून त्याला दहाने भागले की चूक कमी होते.

गैरसमज : पुस्तकात छापलेल्या निष्कर्षावर शंका घ्यायची नसते.

वस्तुस्थिती : पाण्यात उभ्या केलेल्या जळत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की ती विझते आणि ग्लासात पाणी चढते. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ हे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे सांगितले जाते. प्रत्यक्षात ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजन पूर्ण संपलेला नसतो आणि ज्वलनातून कार्बन डायऑक्साइडही तयार झालेला असतो. पाणी चढते ते मुख्यतः तापलेली हवा थंड होऊन आकसल्यामुळे. पाणी नेमके केव्हा वेगाने चढले, एवढे मुलांनी नीट पाहिले तरी पुरते: ते ज्योत विझल्यावर चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर जाते, ग्लासातला ऑक्सिजन मात्र वाढलेला नसतो.

गैरसमज : पारख म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढणे.

वस्तुस्थिती : पारख प्रयोगाची होते, प्रयोग करणाऱ्याची नव्हे. ‘तुझे चुकले’ याऐवजी ‘हे कशावरून म्हणतोस?’ आणि ‘पुन्हा केलास तर काय बदलशील?’ असे विचारण्याची सवय वर्गात लावावी लागते. शिक्षकांनी स्वतःच्या प्रयोगापासून सुरुवात केली की मुलांची भीड चेपते.

यासाठी वेगळी प्रयोगशाळा किंवा वेगळा तास लागत नाही. परिसर अभ्यासात जे प्रयोग आहेत, त्यांतल्या प्रत्येकानंतर दहा मिनिटे या प्रश्नांना द्यावीत.