माशाचा शिक्का असलेली पटाशी

कोल्हापुरातल्या जुन्या सुताराच्या पेटीत वाकस, रंधा, गिरमिट आणि गुण्या यांच्या तळाशी दोन-चार पटाश्या हमखास सापडतात. धार लावून लावून पाते निम्मे झालेले, मूठ ठोके खाऊन फुललेली. पुढची पिढी प्लायवूड आणि राउटरकडे वळली की पेटी माळ्यावर जाते आणि तिथून किलोच्या भावाने भंगारात. ती जाण्याआधी पात्याचा वरचा भाग, मुठीच्या खालचा, उजेडात धरून बघावा. तिथे बऱ्याचदा इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचे नाव असते. नशीब जोरावर असेल तर शार्क माशाचे चित्र आणि ‘एस्किल्स्टूना’ ही अक्षरे.

एस्किल्स्टूना हे स्वीडनमधले, स्टॉकहोमच्या पश्चिमेचे लोहारांचे गाव. १६५० च्या दशकात राइनहोल्ड राडेमाखरने राजाच्या आश्रयाने तिथे लोहारांसाठी भट्ट्या उभारल्या. त्यांतल्या काही आजही जपून ठेवल्या आहेत. याच गावात एरिक अँटोन बर्ग यांनी १८८० मध्ये कारखाना काढला. शार्क ही त्यांची खूण. १९५९ मध्ये बाहको कंपनीने तो कारखाना विकत घेतला, म्हणून पात्यावर बर्गसोबत बाहकोचेही नाव असेल तर ते त्यानंतरचे समजावे. ‘मेड इन स्वीडन’ हे शब्द निर्यातीच्या मालावर येतात. परदेशी मालावरच्या फसव्या शिक्क्यांविरुद्ध ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि आपल्याकडे १८८९ साली कायदा झाला, आणि पुढे मालावर देशाचे नाव घालण्याची पद्धत रुळत गेली. व्हर्निअरने रुंदीही मोजावी. नेमके २५ मिलिमीटर भरले तर पाते मेट्रिक मापाचे, २५.४ भरले तर इंचाचे. पण निर्यातीसाठी इंचाची मापेही बनत असल्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये.

मला मात्र याहून मोठी गोष्ट वेगळीच वाटते. शार्क नसलेल्या, शेफील्डच्या शिक्क्याच्या पटाशीतही पुष्कळदा स्वीडनच असतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेफील्डला उत्तम पोलादासाठी लागणारे लोखंड स्वीडनमधून येई. त्यातही उप्लांड प्रांतातल्या डानेमोरा खाणीच्या खनिजाचे लोखंड सर्वांत वरचे मानले जाई. त्या खनिजात फॉस्फरस फार कमी, आणि भट्टी लाकडी कोळशाची असल्याने दगडी कोळशातले गंधक लोखंडात उतरत नसे. लोव्ह्‌स्टा येथील भट्टीच्या सळ्यांवर वर्तुळातला ‘एल’ असे; तो शिक्का पाहून शेफील्डचे व्यापारी जादा दाम मोजत. या सळ्या लाकडी कोळशाच्या भुकटीत दडपून दिवसेंदिवस तापवायच्या, म्हणजे लोखंडात कार्बन मुरे. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने तेच पोलाद मुशीत वितळवून एकजीव केले. मुशीतले पोलाद दक्षिण भारताला त्याच्या कितीतरी आधी माहीत होते, हे इथे अभिमानाने सांगायला हवे. जुन्या पात्यांवर ‘कास्ट स्टील’ असे उमटवलेले असते ते या मुशीतल्या पोलादासाठी. ओतकामाच्या आपल्या शहरात ते वाचून कोणी पाते बिडाचे समजून फेकू नये.

मग ते पाते पुन्हा कामाला कसे लावायचे? पहिला नियम, ग्राइंडरपासून लांब राहा. वायर ब्रश आणि एमरीचा पट्टा फिरवला की गंजाबरोबर शिक्काही जातो, आणि शिक्का गेला की त्या पात्याचा जन्मदाखलाच गेला. आपल्या ऊस-गुळाच्या जिल्ह्यात यावर सौम्य उपाय सहज मिळावा: मळी. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात मुठीशिवायचे पाते आठ-दहा दिवस बुडवून ठेवायचे. मळीतली द्रव्ये गंजाला धरून सोडवतात, चांगल्या पोलादाला फारशी इजा करत नाहीत. वास येतो, म्हणून डबा अंगणात ठेवावा. नंतर धुऊन, लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. त्यानंतरही राहिलेला काळपटपणा तसाच राहू द्यावा. त्याने कामात काहीच बिघडत नाही.

खरी मेहनत पाठीवर. पटाशीची पाठ, निदान धारेलगतचा इंचभर भाग, आरशासारखी सपाट झाल्याशिवाय धार टिकत नाही. गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर ते संपेपर्यंत पाते मागे आणावे लागते. इथेच घाई नडते. कोरड्या चाकावर पाते तापून सोनेरी पिवळे झाले, म्हणजे साधारण २२०-२३० अंश सेल्सिअसवर गेले, की सावध व्हावे. निळे झाले तर सुमारे ३०० अंशांवर पोलादाचे पाणी उतरलेले असते. तेवढा भाग मऊ पडतो आणि घासून काढण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून सारखे पाण्यात बुडवत, हाताने दगडावरच काम करावे. हाताच्या या कामाची ओळख आपल्याकडे जुनीच आहे: मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारे. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवायला घेतली. लाकडाचे इतके नाजूक काम पोलाद ओळखणाऱ्या हातांतून उभे राहावे, यात मला आश्चर्य वाटत नाही.

मूठ फुटली असेल तर नवी करावी, नुसती फुललेली असेल तर कडा तासून शेंबी बसवावी. जुनी मूठ वाचत असेल तर तीच ठेवावी. नवी लागली तर आपली बाभूळ उत्तम. ती ठोके सहन करते. वर जवसाचे तेल पातळ चोळावे, पण तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

मूठ झाली की धार लावावी: पात्याचा उतार २५ अंशांचा, धारेवरचा शेवटचा घासा ३० अंशांचा. बाभळीसारख्या कठीण लाकडासाठी थोडा जास्त. मग सागाच्या तुकड्याचे टोक घ्यावे, जिथे लाकडाच्या रेषांची तोंडे दिसतात, आणि हाताच्या जोराने पटाशी लोटावी. भुगा पडला तर दगडाकडे परत जावे. पातळ सलग ढलपी निघाली आणि कापलेली जागा चकाकली, तर त्याच पात्याने चौकटीचे कुसू घडवायला बसावे.