पिशवी काढली, पुढे काय?

दसरा-दिवाळी आटोपली की भूम, परंडा, वाशी, कळंब या धाराशिवच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. शेजारच्या बीडमधून तर गावेच्या गावे रिकामी होतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे पुढचे पाच-सहा महिने संसार सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडात, कोपीत. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्याचा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एक जण कामावर आला नाही की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत पोटात कळा येत असल्या तरी खाडा तो खाडाच.

बाईची पाळी या हिशेबात अडचण ठरते. फडात संडास नाही, पाणी नाही, कपडा धुवायला आणि वाळवायला आडोसा नाही. पहाटे तोड सुरू होते. ऊस साळायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचे. तीस-चाळीस किलोच्या अशा कितीतरी मोळ्या दिवसभरात वाहायच्या. या ओझ्याने कंबर जाते, जंतुसंसर्गाने अंगावरून पांढरे जाऊ लागते. हंगामभर बाई दुखणे अंगावर काढते आणि गावी परतल्यावर खासगी दवाखाना गाठते. तिथे सोनोग्राफी होते. ‘गर्भपिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल’ असे सांगितले की पुढचे ठरायला फार वेळ लागत नाही. सोळा-सतराव्या वर्षी लग्न, लागोपाठ मुले, विशीतच नसबंदी. मग घरचे म्हणतात, पिशवीचे आता काम तरी काय उरले? ऑपरेशनचा पैसाही पुन्हा उचलीतूनच येतो आणि तो फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा फडावर जावे लागते.

२०१९ साली बीडमधल्या या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिली. चौकशीसाठी विधान परिषद सदस्य डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

वर्तमानपत्रांनी १३,८६१ हा आकडा ठळक छापला. त्याच पाहणीतल्या दुसऱ्या आकड्याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. या बायकांपैकी ६,३१४ जणींनी, म्हणजे सुमारे ४५ टक्क्यांनी, ऑपरेशननंतर झोप उडाल्याचे, मनात निराशेचे विचार येत असल्याचे, सांधे आणि कंबर दुखत असल्याचे सांगितले. कंबरदुखीवर उपाय म्हणून जे केले, त्यानंतरही कंबर दुखतेच आहे.

असे का होते? गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर शरीरातले इस्ट्रोजेन एकाएकी आटते. एरवी पंचेचाळिशी-पन्नाशीत हळूहळू येणारी रजोनिवृत्ती तिशीतल्या बाईवर एका दिवसात कोसळते. अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घामाने जाग येते, चिडचिड होते, संबंधांच्या वेळी दुखते, हाडे वेळेआधी ठिसूळ होतात. अंडाशये जागेवर ठेवली तरी त्यांचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो आणि रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येऊ शकते. ओटीपोटाचा आधार सैल पडल्याने लघवीवरचा ताबा सुटू शकतो, अंग बाहेर येऊ शकते. शहरातल्या बाईला डॉक्टर या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलू नको म्हणून बजावतात. मोळी वाहणारीला इतके दिवस घरी बसणे परवडत नाही, ती टाके पुरते भरण्याआधीच ओझ्याखाली जाते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अंडाशये शाबूत ठेवून गर्भाशय काढलेल्या सुमारे २,१०० स्त्रियांच्या नोंदी दीर्घकाळ तपासल्या. पस्तिशीच्या आत ऑपरेशन झालेल्यांमध्ये हृदय निकामी होत जाण्याचा धोका ४.६ पट आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा २.५ पट दिसला. २०१९ मध्ये याच गटाने मनाच्या आजारांचा हिशेब मांडला. तीस वर्षांच्या काळात नैराश्याचे प्रमाण साधारण साडेसहा टक्के-अंकांनी वाढलेले होते. १८ ते ३५ वयात ऑपरेशन झालेल्यांत ही वाढ १२ टक्के-अंकांवर गेली. त्या बायका मिनेसोटातल्या होत्या, दवाखाना त्यांच्या हाताशी होता. कर्ज, अपुरे अन्न आणि फडातले काम यांच्या जोडीला हाच धोका आला तर काय होत असेल, हे मोजण्याची तसदी इथे कुणी घेतलेली दिसत नाही.

मनाचे दुखणे तर कागदावर येतच नाही. ‘झोप लागत नाही’ एवढेच सांगितले जाते. नवऱ्याशी संबंध नकोसे होणे, उगाच रडू येणे, आपण अर्ध्या झालो असे वाटणे, हे बाई सासूला सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. बाईच्या शरीरावर विनाकारण चाललेल्या शस्त्राबद्दल दुसरीकडे मात्र बोलले गेले आहे. वैद्यकीय कारण नसताना स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाला कापण्याच्या प्रथेला जागतिक आरोग्य संघटना जननेंद्रियविच्छेदन म्हणते. मुंबईतल्या दाऊदी बोहरा समाजातल्या अशाच ‘खतना’विरुद्ध स्त्रिया उघडपणे बोलल्या, २०१७ मध्ये प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पुढच्या वर्षी तो मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. ऊसतोड बाईची गोष्ट वेगळी आहे. तिथे भूल असते, डॉक्टर असतो, संमतीपत्रावर अंगठा असतो. पण खोटी भीती घालून घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणणे अवघड आहे.

आणि ती भीती कुठे घातली जाते, हे पाहिले की संताप येतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर कसा रोखावा, याचा जगाला दिशा देणारा पुरावा याच मातीतून गेलेला आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मोठी चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, तर उरलेल्या गटांना फक्त नेहमीची सेवा. निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले होते. एचपीव्ही तपासणीच्या गटांत ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटांत ६४. या शेवटच्या गटांतल्या ३१ हजारांवर बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे जगभर वाद झाला. तो रास्तच होता. त्या ६४ जणीही याच जिल्ह्यातल्या होत्या.

ज्या भागातल्या बायकांनी आपले शरीर तपासायला देऊन हे ज्ञान जगाला दिले, त्याच भागात तपासणी न करता ‘कॅन्सर होईल’ म्हणून पिशवी काढली जाते. पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्यांचा कोर्स पुरतो. अतिरक्तस्रावावरही औषधे आहेत, तांबी लावतात तशी संप्रेरकयुक्त साधने आहेत. जिथे खरेच गरज असेल तिथे ऑपरेशन जीव वाचवते, पण ते शेवटचा उपाय म्हणून.

२०१९ नंतर बीडमधल्या खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीची अट घातली गेली. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. हा सगळा बंदोबस्त पुढच्या ऑपरेशनांचा झाला. ज्यांची पिशवी आधीच गेली त्यांच्यासाठी निदान एवढे तरी व्हावे: हंगाम संपवून टोळी गावी परतली की उपकेंद्रात त्यांचा रक्तदाब, साखर आणि हाडे तपासली जावीत, झोप कशी लागते हे आशाताईंनी विचारावे, टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये असावा. त्याआधी एक साधा कागद हवा. अंडाशये ठेवली की काढली, हेच कित्येकींना ठाऊक नसते. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर ते स्पष्ट मराठीत लिहिलेले नसेल, तर चाळिशीत छातीत दुखू लागलेल्या बाईला तपासणारा पुढचा डॉक्टर सुरुवात कुठून करणार?