अपग्रेडनंतर हेडफोन मुका का होतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्याच्या आगेमागे घरोघरचे लॅपटॉप विंडोज ११ वर गेले आणि काही घरांत एकच तक्रार सुरू झाली: कालपर्यंत वाजणारा हेडफोन आज मुका. दुकानात नेला की निदान ठरलेलं असतं. 'जॅक गेलाय', नाहीतर 'फॉरमॅट मारावा लागेल'. दोन्हींची घाई करू नये.

जॅकचं आधी पाहू. सॉफ्टवेअर बदलल्याने धातूचा भाग तुटत नाही, एवढं तर उघड आहे. तरी खात्री करायची असेल तर तोच हेडफोन दुसऱ्या यंत्राला लावून बघा. तिथे वाजला तर तो निर्दोष. मग पेनड्राइव्हवर उबंटू लिनक्स घ्या आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. (बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.) उबंटूत हेडफोन वाजला तर जॅकही ठीक आणि आवाजाची चिपही ठीक, बिघाड विंडोजच्या बाजूला आहे. नाही वाजला, तरी जॅकच गेला असं सिद्ध होत नाही. काही लॅपटॉपमधल्या चिपा लिनक्सला नीट चालवता येत नाहीत.

'पिन घातली की स्पीकर बंद होतोच, ते यंत्रातच असतं' हा समज जुन्या काळातला आहे. रेडिओ, टेपरेकॉर्डरच्या जॅकमध्ये एक पत्ती असायची. पिन आत गेली की ती सरकायची आणि स्पीकरची वाट तुटायची. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पिन आल्याची फक्त वर्दी कोडेक नावाच्या चिपला मिळते. इंटेलने २००४ साली आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओच्या रचनेत कोडेक ती वर्दी ड्रायव्हरला देतो, आणि स्पीकर बंद करून हेडफोनकडे आवाज वळवायचं काम ड्रायव्हरचं. म्हणून हेडफोन लावूनही स्पीकर वाजत राहिला तर आधी संशय सॉफ्टवेअरवर घ्यावा.

इथेच खरी मेख आहे. कोडेकच्या कुठल्या पायाला हेडफोन, कुठल्याला माइक, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं जोडलेलं असतं. त्याची नोंद बायॉसने द्यायची असते, पण ती बऱ्याचदा अपुरी किंवा चक्क चुकीची असते आणि कंपनी ती चूक आपल्या ड्रायव्हरमध्ये गुपचूप सावरून घेते. अपग्रेडमध्ये तो ड्रायव्हर जाऊन मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर आला, की ही सावरासावर नाहीशी होते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तर एकेका मॉडेलसाठी अशा दुरुस्त्यांची लांबलचक यादीच आहे.

मग 'सगळ्यात नवा ड्रायव्हर तोच चांगला' हेही खरं नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर आपला मॉडेल नंबर टाकून मिळणारा ड्रायव्हर वर्षभर जुना असला तरी तोच घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर मागे नेण्याची सोय असते. ती फिकट दिसत नसेल तर आधी तीच वापरून बघा. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअर मात्र घरात घेऊ नयेत. आवाज सुधारायच्या नादात दुसरंच काहीतरी बिघडतं.

हे सगळं करण्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग साउंड उघडून आउटपुटला काय निवडलंय ते बघा. एचडीएमआयने मॉनिटर जोडलेला असला की अपग्रेडनंतर आवाज तिकडे गेलेला सापडू शकतो, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. तिथल्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक ॲपचं आउटपुट वेगळं ठरवता येतं. म्हणजे ब्राउझर वाजतो आणि मीटिंगचं ॲप गप्प, याचं कारण तिथेही असू शकतं.

ब्लूटूथवाल्यांचं गाऱ्हाणं निराळं: 'अपग्रेड केल्यापासून मीटिंगमध्ये आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.' याचं खापर अपग्रेडवर फोडता येत नाही. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकायची वाट एकतर्फी असते. माइक चालू झाला की हेडफोन बोलण्यासाठीच्या दुतर्फी वाटेवर जातो, आणि तिथे आवाज एकाच चॅनेलचा, सेकंदाला सहसा ८,००० किंवा १६,००० नमुन्यांचा. गाण्यांच्या वाटेवर तेच नमुने ४४,१०० किंवा ४८,००० असतात. विंडोज १० मध्ये या दोन वाटा यादीत दोन वेगळ्या नावांनी दिसायच्या, विंडोज ११ ने त्या एकाच नावाखाली आणल्या. त्यामुळे अदलाबदल डोळ्यांना दिसत नाही, कानांना तेवढी कळते. उपाय साधा आहे: मीटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच निवडा.

'बंद करून चालू केलं, तरी तसंच' असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि तोच परत उचलला जातो. ड्रायव्हर बदलल्यावर रीस्टार्टच करा.

एवढं करूनही जमलं नाही तर अपग्रेडनंतर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून साधारणपणे जुन्या विंडोजवर परत जाता येतं, मात्र तिचा सपोर्ट संपलेला आहे हे धरून. तसं जायचं नसेल तर यूएसबीचं छोटं साउंड ॲडाप्टर घ्या. त्यात स्वतःची आवाजाची चिप असते, त्यामुळे लॅपटॉपचा कोडेक आणि त्याचा ड्रायव्हर दोघेही वाटेतून बाजूला होतात.