भंगारातून उठलेली लिबरेटर

अमेरिकेत टूसॉनच्या पिमा संग्रहालयात चार इंजिनांचे एक बी-२४ लिबरेटर बॉम्बर उभे आहे. त्याला आयुष्यात तीन क्रमांक मिळाले: अमेरिकन ४४-४४१७५, ब्रिटिश केएच ३०४ आणि भारतीय हवाई दलाचा एचई ८७७. त्याची सगळ्यात लांब नोकरी भारतात झाली.

अमेरिकेने अशी १८ हजारांहून अधिक विमाने बांधली आणि दुसरे महायुद्ध संपताच बहुतेक मोडीत काढली. ब्रिटिशांना ती उसनवारीच्या करारावर मिळाली होती. वापर संपला की परत करायची नाहीतर मोडायची. म्हणून कानपूरच्या चकेरी तळावरची लिबरेटर त्यांनी भारत सोडण्यापूर्वी निकामी केली.

त्याच ढिगाऱ्यात १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी हात घातला. एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसवून विमान जेमतेम उडण्याजोगे करायचे आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते बंगळूरला न्यायचे. पुरती दुरुस्ती तिथे. अशी सुमारे ४० विमाने पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर ५ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभारले गेले. पुढे ६ क्रमांकाचे स्क्वाड्रन पुण्याच्या लोहगावहून त्यांतून समुद्रावर टेहळणी करू लागले.

लिबरेटरच्या पोटातले बॉम्बकक्षाचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे बाजूने वर सरकतात. आत मधोमध वीतभर रुंदीची पट्टी. पुढून मागे जायचे तर तिच्यावरूनच. हे सगळे आमच्या माणसांनी १९६८ अखेरपर्यंत चालते ठेवले. म्हणूनच ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेच्या संग्रहालयांना लिबरेटर हवे झाले, तेव्हा ते भारतात सापडले. ब्रिटनचे केएन ७५१ तर १९७४ मध्ये इथूनच उडत गेले.

अशा जुन्या विमानाची ओळख पटवणारा रंगावर विश्वास ठेवत नाही. रंग कितीदाही बदलतो. तो रिव्हेटने ठोकलेली धातूची पाटी शोधतो, भागांवरचे ठसे वाचतो आणि ते लॉगबुकशी ताडून पाहतो. कानपूरला सुटे भाग अदलाबदल झाल्याने इथे हे काम अधिकच जिकिरीचे. तिथे कागदाइतकीच साक्ष लागते ती हत्यार धरलेल्या माणसांची.

लोहगावात नोकरी केलेल्यांची घरे पुण्यात आजही आहेत. आजोबांची पेटी रद्दीत घालण्याआधी उघडून पाहा. फोटोत विमानावर ‘एचई’ दिसले, तर मागे नाव आणि साल लिहून ठेवा.