जुना संगणक आणि हलके लिनक्स

दहा-बारा वर्षांपूर्वी शाळेत आलेले संगणक आज कोणत्या स्थितीत आहेत, हे बहुतेक शिक्षकांना सांगायला नको. कळ दाबावी, हजेरी घ्यावी, फळ्यावर तारीख आणि पाठाचे नाव लिहावे, तरी पडद्यावरचे ते गोल फिरतच असते. काही संगणक कापडाने झाकलेले, तर काही कोपऱ्यात एकावर एक रचून निर्लेखनाची वाट पाहत असलेले. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीसाठी नियमितपणे मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. काही काळ वाढीव मुदत मिळवता येते, पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम लागते, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. ही आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली. म्हणजे २०१५ साली घेतलेला आणि अजून धडधाकट असलेला संगणकही या हिशेबात बाद ठरतो.

अशा संगणकांवर लिनक्स घाला, ते हलके असते, असा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. सल्ला चुकीचा नाही. पण हलके म्हणजे नेमके काय, कशाच्या मानाने हलके आणि कुठवर हलके, हे समजल्याशिवाय तो पाळला तर पदरी निराशा येते. म्हणून आपण आधी मूळ प्रश्न पाहू. जुना संगणक मंद का होतो?

सायकलची साखळी झिजते, शिवणयंत्राचा पट्टा सैल होतो. प्रोसेसरचे तसे नसते. २०१२ साली सेकंदाला दोन अब्ज ठोके देणारा प्रोसेसर आजही तितकेच ठोके देतो. (पंख्यात धूळ साठली आणि तो तापू लागला तर तो स्वतःहून वेग कमी करतो, हे खरे. त्यामुळे कोणताही जुना संगणक हातात आला की प्रथम ब्रश घेऊन बसावे, हा आमचा पहिला सल्ला.) बदलतो तो त्याच्यावरचा भार. विंडोज ९५ ला कमीत कमी ४ एमबी रॅम पुरत असे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची किमान गरज ४ जीबी आहे. म्हणजे सव्वीस वर्षांत गरज हजारपटीने वाढली. जुना संगणक मात्र आपल्या ठरलेल्या रॅमसह जागच्या जागी उभा आहे.

रॅम अपुरी पडली की संगणक बंद पडत नाही, तो मंद होतो. यामागची युक्ती विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याजोगी आहे. समजा, तुम्ही उत्तरपत्रिका तपासत बसला आहात आणि टेबल लहान आहे. टेबल भरले की सध्या नको असलेला गठ्ठा तुम्ही मागच्या कपाटात ठेवता आणि लागेल तेव्हा उठून आणता. इथे टेबल म्हणजे रॅम आणि कपाट म्हणजे हार्ड डिस्क. संगणकही रॅममधील न लागणारा मजकूर हार्ड डिस्कच्या एका राखीव भागात नेऊन ठेवतो. या भागाला स्वॅप म्हणतात. गैरसोय होते ती कपाट किती दूर आहे यामुळे.

ते अंतर आपण मोजू. सामान्य हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला मजकूर वाचक-टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला काही मिलिसेकंद लागतात. दोन्ही मिळून ढोबळमानाने १० मिलिसेकंद धरू. रॅममधून तोच मजकूर मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद पुरतात. भागाकार केला तर उत्तर येते एक लाख. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागत असेल, तर कपाटातून आणायला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास लागतात. रॅम पुरत असेपर्यंत संगणक ठीक चालतो आणि ती भरली की एकाएकी गोगलगाय होतो, त्याचे कारण हे.

तेव्हा जुन्या संगणकाला वेगवान करण्याची गरज नसते. त्याला कपाटाकडे जायची वेळ येऊ नये, एवढेच पाहायचे असते. हलकी प्रणाली हेच करते.

आता लिनक्सकडे वळू. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली आपल्या इंटेल ३८६ जातीच्या संगणकासाठी ते लिहायला घेतले. काटेकोरपणे बोलायचे तर लिनक्स म्हणजे केवळ गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. रॅमची वाटणी करणे, डिस्कवर वाचणे-लिहिणे, कीबोर्ड आणि छपाईयंत्राशी बोलणे ही त्याची कामे. आपल्याला दिसणाऱ्या खिडक्या, चित्रे आणि मेनू हा गाभ्यावर चढवलेला वेगळा साज असतो. गाभा, हा साज आणि उपयोगाची सॉफ्टवेअरे यांची एक निवड करून, ती नीट जुळवून जो संच वाटला जातो त्याला वितरण किंवा बोली भाषेत डिस्ट्रो म्हणतात. आमटी एकच, पण प्रत्येक घरची फोडणी निराळी, तसा हा प्रकार आहे.

हलक्या आणि जड वितरणांत गाभ्याचा फरक फारसा नसतो, फरक असतो तो साजाचा. एक उदाहरण घेऊ. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर एका पूर्ण चित्राला ३ एमबी जागा लागते. आजचे देखणे डेस्कटॉप प्रत्येक खिडकीचे पूर्ण चित्र स्मृतीत वेगळे जपून ठेवतात. मग ती चित्रे एकावर एक रचून, सावल्या आणि पारदर्शकता देऊन, पडद्यावर दाखवतात. दहा खिडक्या उघडल्या की नुसत्या त्यांच्या चित्रांनाच ३० एमबी लागले. आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्स यांसारखे साधे विंडो मॅनेजर स्वतः असे काही जपत नाहीत. मागे झाकलेली खिडकी उघडी पडली की ते संबंधित सॉफ्टवेअरला सांगतात, तुझा एवढा भाग पुन्हा काढ. पुन्हा काढण्याचे थोडे श्रम पडतात, पण जागा वाचते. याखेरीज फाइलींची सूची करत राहणे, नव्या आवृत्तीची विचारपूस करणे, ब्लूटूथची वाट पाहत बसणे अशी पडद्यामागे चालणारी कितीतरी कामे असतात. ब्लूटूथच नसलेल्या संगणकात त्याच्यासाठी पहारेकरी बसवण्यात अर्थ नाही. हलके वितरण असे पहारेकरी काढून टाकते.

या क्षेत्रातील काही नावे वाचकांच्या कानावर आली असतील. बॅरी कौलर यांनी २००३ साली सुरू केलेले पपी लिनक्स ही एक मजेदार गोष्ट आहे. संपूर्ण प्रणाली दाबून लहान केलेल्या फाइलींत भरलेली असते. सुरू होताना पुरेशी जागा असेल तर ती रॅममध्येच जाऊन बसते आणि मग कपाटाचा प्रश्नच उरत नाही. हार्ड डिस्क बिघडलेला संगणकही पेनड्राइव्हवरून असा चालवता येतो. टायनी कोअर याहून कृश आहे. चित्रमय पडद्यासह त्याचा पसारा पंचवीस एमबीच्या आत आहे, पण त्यात जवळजवळ काहीच नसते. लागेल ते स्वतः जोडायचे. शिकण्यासाठी ते उत्तम, पण वर्गासाठी आम्ही सुचवणार नाही. डेबियनवर आधारलेले अँटीएक्स २५६ एमबी रॅमवरही चालण्याचा दावा करते आणि तरी नेहमीच्या वापराला बरेच पुरे पडते. लुबुंटू आणि झुबुंटू ही उबुंटूची हलकी भावंडे आहेत. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती यांच्या मानाने थोडी जड आहे. तिला निदान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी असावी असे तिचे कर्तेच सांगतात. पण विंडोज वापरलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. ज्या संगणक कक्षात ४ जीबीचे संगणक आहेत तिथे आम्ही डोळे मिटून हीच निवडू. कोणते वितरण सर्वात हलके यावर तरुण मंडळी तासन् तास वाद घालतात. शिक्षकाने त्यात पडू नये. संगणकाला पेलेल असे कोणतेही एक घ्यावे आणि सगळ्या यंत्रांवर तेच ठेवावे.

डॅम स्मॉल लिनक्सची कथा मात्र सांगायलाच हवी. २००० नंतरच्या दशकात या वितरणाने स्वतःला ५० एमबीची मर्यादा घालून घेतली होती. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या छोट्या सीडीवर तेवढेच मावत असे. पुढे ते थांबले. २०२४ साली मूळ कर्त्याने ते पुन्हा आणले, तेव्हा मर्यादा होती ७०० एमबीची, म्हणजे अख्खी सीडी. कर्ता तोच, काटकसरीची हौस तीच, तरी आकार चौदापट! याचे एक मोठे कारण म्हणजे आजचे ब्राउझर.

हलक्या लिनक्सची खरी मर्यादा इथेच आहे. प्रणाली कितीही सडपातळ असो, संकेतस्थळ उघडायचे तर ब्राउझर लागतो आणि तो हलका करणे आपल्या हातात नाही. एका संकेतस्थळाने दुसऱ्याची माहिती चोरू नये म्हणून आजचे ब्राउझर वेगवेगळ्या संकेतस्थळांना वेगवेगळ्या प्रक्रियांत कोंडतात. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण प्रत्येक कोठडीला रॅम लागते. त्यामुळे १ जीबीच्या संगणकावर टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, चित्रकला आणि प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक पाठ सुखाने चालतील. त्यावर चलचित्रे दाखवायची किंवा शासनाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची म्हटली तर मात्र ते पुन्हा फिरत्या गोलाशी येऊन थांबेल. ‘लिनक्स घातले की जुना संगणक नवा होतो’ असे सांगणाऱ्यांनी हे अर्धे वाक्य गिळलेले असते.

दुसरी भिंत ३२-बिटची. क्रोमने ३२-बिट लिनक्सची साथ २०१६ सालीच सोडली, फायरफॉक्सने २०२५ मध्ये. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीवर नव्याने प्रणाली बसवण्याची सोय उरलेली नाही. बाराव्या आवृत्तीवर आधारलेले अँटीएक्स २३ अशा संगणकांसाठी मिळते, पण हा रस्ता आता संपत आला आहे. इथे एक गफलत टाळावी. ज्या संगणकावर ३२-बिट विंडोज आहे तो संगणकही ३२-बिटच असेल असे नाही. २००६ चा ‘कोअर ड्युओ’ प्रोसेसर ३२-बिट आहे, तर त्याच वर्षीचा ‘कोअर टू ड्युओ’ ६४-बिट. नावात एका ‘टू’चा फरक, पण त्यावर संगणकाचे पुढचे आयुष्य ठरते. म्हणून निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक पेटीतला प्रोसेसर कोणता, हे वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे.

हाती थोडा पैसा असेल तर तो कुठे घालावा? आमच्या मते आधी रॅम वाढवण्यात आणि मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्यात. एसएसडीत फिरणारे काही नसते. तिच्यातील मजकूर ढोबळमानाने ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. आपल्या टेबल-कपाटाच्या हिशेबात अठ्ठावीस तासांचे सतरा मिनिटे होतात. वितरण बदलण्यापेक्षा हा फरक पुष्कळदा मोठा ठरतो, आणि दोन्ही केले तर २०१० च्या आसपासचा संगणकही वर्गात वापरण्याजोगा होतो.

लिनक्स न बसवताही वापरून पाहता येते. वितरणाची प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवायची आणि संगणक तिच्यावरून सुरू करायचा. याला लाइव्ह पद्धत म्हणतात. हार्ड डिस्कला हात लागत नाही. अशा तीन पेनड्राइव्हवर तीन वितरणे घेऊन नववीच्या मुलांना एक तास द्यावा. सुरू व्हायला लागलेला वेळ घड्याळावर मोजायचा, टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा देऊन किती रॅम खर्ची पडली ते टिपायचे, ब्राउझर उघडून पुन्हा टिपायचे आणि तक्ता करायचा. पेनड्राइव्ह स्वतः मंद असतो, त्यामुळे सुरू होण्याच्या वेळेवरून घाईने निष्कर्ष काढू नये, रॅमच्या आकड्यांवर अधिक भर द्यावा. हे मुलांच्याच ध्यानात आले तर फारच चांगले.

कायमचे बसवताना मात्र आधी सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी, कारण बसवताना ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निवडला तर जुने सर्व पुसले जाते. कार्यालयातील छपाईयंत्र चालते का, हेही लाइव्ह पद्धतीतच तपासावे. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या काही लहान लेझर छपाईयंत्रांना लिनक्सवर बरीच मनधरणी करावी लागते. मराठीसाठी युनिकोड फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट कळफलक सहज मिळतो. अडचण येते ती जुन्या प्रश्नपत्रिकांची. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. शाळेने तो फॉन्ट रीतसर घेतलेला असेल तर तो बहुधा लिनक्सवरही बसवता येतो आणि कागद छापता येतो. त्यात नवे टंकलेखन करण्याचे सॉफ्टवेअर मात्र विंडोजवरच चालणारे असते. ज्या शाळेचा अशा फाइलींचा साठा मोठा आहे तिने एक संगणक इंटरनेटला न जोडता जुन्या प्रणालीसह तसाच ठेवावा आणि सुटीत त्या फाइली एकेक करून युनिकोडमध्ये आणाव्यात.