घडण गेली, वजन उरले

पेरूमधल्या काहामार्का गावी १६ नोव्हेंबर १५३२ रोजी फ्रान्सिस्को पिझारोने इंका सम्राट आताहुआल्पाला कैद केले. सुटकेसाठी सम्राटाने मोठी खंडणी कबूल केली. सुमारे २२ फूट लांब आणि १७ फूट रुंद खोली, उंचावलेला हात पोचेल तिथपर्यंत, एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून द्यायची.

महिनोन्‌महिने अँडीजच्या डोंगरवाटांनी ओझी येत राहिली. त्यांत भांडी होती, दागिने होते, कुस्कोच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवरून उचकटलेले सोन्याचे पत्रेही होते. १५३३ मध्ये यातले बहुतेक सारे मुशीत गेले. आटणीचे काम तिथल्याच कारागिरांकडून करून घेतले. सुमारे ६ टन सोन्याच्या लगडी पडल्या. पाचवा हिस्सा स्पेनच्या राजाला, बाकीचा पिझारो आणि त्याच्या शिपायांना. दागिन्याची वाटणी करता येत नाही, लगडीची येते! खंडणी पोचूनही आताहुआल्पाला जुलैमध्ये मारलेच.

इंकांकडे सोने हे चलन नव्हते. ते सूर्याचे आणि मानाचे. कुलीन घरातला मुलगा वयात आला की समारंभाने त्याचे कान टोचत. पुढे पाळीत मोठ्या चकत्या बसवत. स्पॅनिशांनी या सरदारांना नावच दिले ‘ओरेहोनेस’, म्हणजे मोठ्या कानांचे. भिकबाळी ठाऊक असलेल्या आपल्याला त्याचे नवल वाटू नये.

मग आज संग्रहालयांत काय दिसते? मुख्यतः जमिनीने राखलेले. १९८७ मध्ये वॉल्टर आल्वा यांनी सिपान येथे, इंकांच्याही हजारएक वर्षे आधीच्या मोचे राजपुरुषाची कबर उघडली. त्याच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या. उजवीकडे सोने, डावीकडे चांदी.

आपली जोंधळी पोत आणि बोरमाळही शेतातूनच गळ्यात आल्या. पण मोडीच्या काट्यावर त्यांचे फक्त वजन होते. परदेशातल्या सराफाला तर त्यांची नावेही ठाऊक नसतात. म्हणून या धनत्रयोदशीला आजीचा एखादा दागिना मोडायचा ठरलाच, तर आधी त्याचा नीट फोटो काढा. त्याचे नाव, तो कोणी, कुठे, कोणासाठी घडवला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. सोने पुन्हा विकत घेता येते, ती घडण मात्र मिळत नाही.